घराखालच्या पार्किंगमध्ये काय ठेवायचं, काय नाही? प्रश्न जागेचा नाही, जिन्याचा आहे

कराडात कुणाला 'गॅरेज कुठंय?' असं विचारलं तर तो तुम्हाला मेकॅनिकचा पत्ता सांगेल. घरच्या गॅरेजला आपल्याकडे पार्किंग म्हणतात, पोर्च म्हणतात, नाहीतर सरळ 'खालचं शटर'. रेरा कायद्यात मात्र गॅरेजची व्याख्या आहे: वर छत आणि तीन बाजूंना भिंती असलेली, गाडी लावायची जागा. उघडं पार्किंग त्यात येत नाही.

आता विद्यानगर, मलकापूर, आगाशिवनगर या भागातली घरं आठवा. खाली पार्किंग, पहिल्या मजल्यावर मालक, त्याच्यावर कॉलेजच्या पोरांच्या खोल्या. वर जायला जिना एकच आणि तो सुरू होतो पार्किंगमधूनच. त्याच पार्किंगमध्ये गाड्यांसोबत जुन्या गाद्या, रद्दी, रंगाचे डबे, शेतावरची औषधं, इन्व्हर्टर आणि जिन्याखाली मीटरचा बोर्ड. म्हणजे पेटू शकणाऱ्या सगळ्या वस्तू घरातून बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर मांडलेल्या असतात.

गोरेगावमध्ये काय झालं होतं?

६ ऑक्टोबर २०२३. मुंबईतल्या गोरेगावची जय भवानी ही सात मजली इमारत. पहाटे तीनच्या सुमाराला खालच्या पार्किंगमध्ये आग लागली. तिथं गाड्या होत्या आणि जुन्या कपड्यांचे गठ्ठेही होते. किमान सात जणांचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले.

अशा आगीत जास्त माणसं मरतात ती ज्वाळांनी नाही, धुरानं. गरम धूर वर चढतो आणि त्याला वर जायला जिन्याइतकी सोयीची जागा नसते. खाली गादी आणि दोन टायर पेटले तरी जिन्याचं धुराडं होतं. वरची माणसं झोपेत असतात, दार उघडतात आणि समोर फक्त काळोख.

त्यामुळं पार्किंग आवरायचं ठरवलंत तर सुरुवात रॅक विकत आणण्यापासून करू नका. आधी जिन्याखालची जागा पूर्ण मोकळी करा. मीटरच्या आसपास काहीही ठेवायचं नाही, झाडूसुद्धा नाही. जिन्यापासून गेटपर्यंत दोन माणसं शेजारी-शेजारी पळू शकतील एवढी वाट रात्रीही रिकामी हवी. भाडेकरूंच्या बाईक तिथंच आडव्या लागतात. त्यावरून वाद होतात, पण हा वाद घालण्यासारखा आहे.

सोसायटीत राहत असाल तर आणखी एक गोष्ट. स्टिल्ट पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे आणि बिल्डर ते स्वतंत्रपणे विकू शकत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात स्पष्ट केलं. त्या निकालानुसार ती जागा सामायिक ठरते. तिथं जाळी मारून स्वतःची स्टोअर रूम करणं शेजाऱ्यांनी खपवून घ्यायची गरज नाही.

ई-स्कूटर कुठं चार्ज करायची?

सध्या सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत एका घराच्या हॉलमध्ये चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा दगावला. त्याच महिन्यात सिकंदराबादला खाली ई-स्कूटरचं शोरूम आणि वर लॉज असलेल्या इमारतीत आग लागून आठ जण गेले. त्यानंतर सरकारनं बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक केले. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्याआधीची गाडी किंवा लोकल बॅटरी बसवलेली गाडी असेल तर जास्त जपा.

लिथियम बॅटरीतला एक सेल बिघडून तापला की तो शेजारच्या सेलला तापवतो आणि ही साखळी बाहेरून थांबवणं फार अवघड असतं. म्हणून बॅटरी हॉलमध्ये किंवा बेडरूममध्ये नेऊ नका आणि जिन्याच्या तोंडाशीही लावू नका. पार्किंगचा गेटकडचा, हवेशीर कोपरा त्यातल्या त्यात बरा. गाडी चालवून आल्या आल्या प्लग लावायचा नाही, बॅटरी थंड होऊ द्यायची. चार्जर कंपनीचाच वापरा. रात्रभर लावून झोपण्यापेक्षा संध्याकाळी, जागे असताना चार्ज करा.

घरच्या वीज कनेक्शनवर गाडी चार्ज करायला केंद्र सरकारच्या नियमांत परवानगी आहे. पण वरच्या मजल्यावरून खिडकीतून सोडलेली एक्स्टेंशन वायर हा त्याचा अर्थ नाही. इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र लाइन, १६ अँपिअरचा सॉकेट, नीट अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. अंगातून करंट गेला तर वीज तोडतो तो आरसीसीबी. साधा एमसीबी ते काम करत नाही.

पेट्रोल, सिलिंडर, औषधं

ग्रासकटरसाठी किंवा फवारणीच्या पंपासाठी आणलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत ठेवायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल ठेवायला कायद्यानं लायसन्स लागत नाही, हे खरं. पण पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशाच्या आसपासही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत पसरते. गॅस सिलिंडरमधला गॅसही तसाच खाली बसतो. त्यामुळं शटर लावलेल्या खोलीत वरची छोटी खिडकी उघडी असून भागत नाही, खाली जमिनीजवळही जाळी हवी. पेट्रोल लागेल तेवढंच आणा, घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये ठेवा आणि चार्जिंग पॉइंटपासून लांब ठेवा. इन्व्हर्टरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिलाही मोकळी हवा लागते.

तणनाशक कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवणं तर आजच बंद करा. मूळ बाटली, मूळ लेबल आणि कुलपाचं कपाट.

शटर बंद ठेवून गाडी किंवा जनरेटर चालू करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कराडला पुराचाही हिशोब धरावा लागतो

कृष्णा आणि कोयना प्रीतिसंगमावर समोरासमोर येऊन भिडतात. धरणातून विसर्ग वाढला की नदीकाठच्या वस्त्यांना त्याची झळ बसते. २०१९ आणि २०२१ ची आठवण ताजी आहे. घरात पाणी शिरतं तेव्हा आधी भरतं ते पार्किंग. तुमच्या गल्लीत पाणी कुठपर्यंत आलं होतं त्याची खूण भिंतीवर करा. सॉकेट, इन्व्हर्टर, औषधं सगळं त्या खुणेच्या वर. रॅक लोखंडी घ्या, भिंतीला बोल्टनं पक्का करा आणि जड सामान खालच्या फळीवर ठेवा. पुराच्या खुणेखाली फक्त भिजलं तरी चालेल असं सामान. गाडी बुडाली असेल तर पाणी ओसरल्यावर चावी फिरवून बघायचा मोह टाळा. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला तर इंजिन कायमचं जाऊ शकतं. सरळ टो करून न्या.

पार्किंगचा गाळा काढून भाड्यानं द्यायचा विचार असेल तर शटर मोठं करायला कॉलम तासू नका. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप याच भागातला. २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत खाली मोकळं पार्किंग असलेल्या कितीतरी इमारती नेमक्या तळमजल्यावरच बसल्या होत्या. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग नगरपालिकेची परवानगी, मग गवंडी.

पावसाळ्यात उसाच्या पट्ट्यातून साप पार्किंगच्या अडगळीत येतात. अडगळ जमिनीपासून फूटभर वर असली तर झाडून घेता येतं आणि बॅटरी मारून खाली बघताही येतं. उभ्या गाडीला कायम लॉक हवं. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला बंद गाडीत अडकून दोन भावंडं गेली.

आग लागलीच तर?

एबीसी पावडरचं एक अग्निशामक गेटजवळ आणि एक वरच्या मजल्यावर असू द्या. एकच घेणार असाल तर ते वर ठेवा, कारण आग खाली असताना खालचं घ्यायला कुणी उतरणार नाही. शटरला आतून कुलूप घालत असाल तर चावी जिन्याच्या दाराशेजारी खिळ्याला, घरातल्या सगळ्यांना माहीत असेल अशी. गच्चीच्या दाराचंही तेच. पोरं वर जाऊन गोंधळ घालतात म्हणून मालक तिथं कुलूप लावतात आणि चावी स्वतःकडे ठेवतात. जिन्यात धूर भरला असेल तर खाली उतरू नका. दार लावा, फटीत ओला टॉवेल घाला, रस्त्याकडच्या खिडकीत या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.