लाख, 'जपान' आणि घरगुती छंद

मराठीत 'छंद' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. एक छंद काव्यशास्त्रातला. त्याला आपण अभ्यासक्रमात सन्मानाने जागा देतो. दुसरा फावल्या वेळातला. त्याची नोंद वाङ्मयाच्याच काय, कलेच्या इतिहासातही सहसा होत नाही. घरातल्या लाकडी सामानाला हौसेने रंग देणे, वॉर्निश चढवणे, त्यावर वेलबुट्टी काढणे हा असाच नोंदीबाहेरचा उद्योग. परंतु इंग्लंडमधील त्याचे प्रारंभीचे दिवस चाळू लागलो तेव्हा आम्हाला जाणवले, की या किरकोळ छंदात आपल्याकडची एक वस्तू दडलेली आहे आणि तिचे नाव मात्र भलत्याच देशाच्या नावाखाली झाकले गेले आहे.

१६८८ साली जॉन स्टॉकर आणि जॉर्ज पार्कर या दोघांनी 'अ ट्रीटिज ऑफ जपानिंग अँड वॉर्निशिंग' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पूर्वेकडून येणाऱ्या चकचकीत काळ्या पेट्या आणि पडदे इंग्लंडमधील श्रीमंतांच्या घरांत मिरवू लागले होते. तसे सामान घरच्या घरी कसे साधावे, हे या ग्रंथात सांगितले आहे. लाकूड खरखरीत असेल तर आधी सरस आणि खडूचा लेप द्यायचा. मग दिव्याची काजळी घातलेले वॉर्निश एकावर एक हातांनी चढवायचे, प्रत्येक हात पुरता वाळू द्यायचा, शेवटी घासून चकाकी आणायची. डिंकाच्या पाण्यात भुकटी कालवून डोंगर-झाडे पृष्ठभागावर उठवायची, वर सोनेरी पूड. घाई करणाऱ्याचे हे काम नव्हे, हे ती कृती वाचतानाच कळते.

या कामाला 'जपानिंग' म्हणत. वस्तुतः चीन-जपानमधील अस्सल लेप एका विशिष्ट झाडाच्या चिकापासून होतो. तो दमट हवेत घट्ट होतो, कातडीला लागला तर पुरळ उठवतो, आणि ते झाड युरोपात नव्हते. मग इंग्रजी हौशी माणसाने स्पिरिटमध्ये विरघळवले काय? तर हिंदुस्थानातून जाणारी लाख. पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर एक किडा जी राळ सोडतो ती खरवडायची, कुटायची, धुवायची, की दाणेदार लाख तयार होते; तीच वितळवून पातळ ताणली की चपडा. महाभारतातील लाक्षागृह आपण वर्गात शिकवतो. तीच 'लाक्षा' फारसी आणि पोर्तुगीज तोंडांतून फिरत इंग्रजीत 'लॅक' आणि 'लॅकर' झाली. म्हणजे पदार्थ आपला, शब्दाचे मूळही आपले, आणि कलेचे नाव जपानचे! (चिनी पडद्यांना तर युरोपात कोरोमंडलचे नाव चिकटले, कारण ते त्या किनाऱ्यावरून जहाजांत चढत. बाजाराला भूगोल फारसा येत नाही.) आपल्याकडे सावंतवाडीच्या चितारी मंडळींनी लाखेचा हाच वापर लाकडी खेळणी, पाट आणि गंजिफांवर केला, पण तो त्यांचा चरितार्थ होता, छंद नव्हे.

त्याच सुमारास एडमंड व्हर्नी नावाच्या जमीनदाराने चेल्सीच्या शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलीला, मॉलीला, पत्र लिहिले. तिला जपानिंग शिकायचे होते. शिकवणीचा प्रवेश एक गिनीचा, शिवाय सामानाला सुमारे चाळीस शिलिंग. बापाने आनंदाने होकार दिला. चांगल्या गोष्टी कितीही दुरून, अगदी जपानहून आल्या आणि त्यांना हिंदुस्थानी रंग-वास असला, तरी आपण खर्च सोसू, असा त्याचा सूर आहे. थट्टाच आहे, पण जपान म्हणता म्हणता त्याच्या नाकाला वास मात्र हिंदुस्थानचा येतो, हे आम्हाला फार बोलके वाटते.

नमुन्यांच्या बाबतीत हे औदार्य टिकत नाही. स्टॉकर-पार्कर प्रस्तावनेत सांगतात, की पूर्वेकडच्या आकृत्या जिथे प्रमाणात लंगड्या होत्या तिथे आम्ही त्या थोड्या सावरल्या आहेत. पुढे रॉबर्ट सेयर या प्रकाशकाच्या 'द लेडीज अम्यूझमेंट' या पुस्तकात (दुसरी आवृत्ती १७६२) कापून चिकटवायला व रंगवायला शेकडो चित्रे दिली आहेत, आणि सल्ला असा, की पौर्वात्य विषय असेल तर खुशाल मोकळीक घ्यावी. त्या लोकांच्या चित्रांत फुलपाखरू हत्तीला तोलून धरते! ज्याची नक्कल करायची त्याचीच टिंगल करण्याची ही रीत भाषांतराच्या इतिहासात आपल्याला अनोळखी नाही.

तरीही या पुस्तकांकडे केवळ वसाहतवादी वृत्तीचा पुरावा म्हणून पाहणे आम्हाला अपुरे वाटते. ती ज्यांच्या हातांत पडली त्या बहुसंख्य बायकांना कार्यशाळेत उमेदवारी मिळणे जवळजवळ अशक्य होते. चौरंगी मेज, दागिन्यांची पेटी, आरशाची चौकट एवढाच त्यांचा चित्रफलक. १७२९ च्या सुमारास मेरी पेंडार्व्हस ही तरुण विधवा बहिणीला पत्रातून कळवत होती, की इथे जो तो जपानिंगच्या नादी लागला आहे आणि आपणही त्यात हात बसवणार आहोत. पुढे ती मेरी डेलनी झाली. पुन्हा वैधव्य आले, आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी तिने रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून काळ्या पार्श्वभूमीवर फुले जुळवायला घेतली. पाकळी, देठ, केसर, सारे वनस्पतिशास्त्राला धरून. दहाएक वर्षांत, दृष्टी अधू होईपर्यंत, अशी ९८५ फुले झाली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांची पार्श्वभूमी जपानिंगच्या पेटीसारखीच दाट काळी आहे.