मुंबईचा शिपाई आणि त्याचा साहेब



आमच्या नांदगांवांतून काय, किंवा मालवणच्या किनाऱ्यावरून काय, पोटासाठीं मुंबईस गेलेला चाकरमानी गिरणींत शिरे, नाहीं तर पोलिसांत भरती होई. मुंबईच्या शिपायांत रत्नागिरी जिल्ह्यांतील मराठ्यांचा भरणा मोठा असे. आणि आजचा सिंधुदुर्ग १९८१ सालापर्यंत त्याच जिल्ह्यांत मोडत होता. त्या खात्याचा इतिहास हा एका अर्थीं आपल्या घरचाच इतिहास होय.

त्याचा आरंभही कोंकणच्याच माणसांनीं झाला. सतराव्या शतकांत गव्हर्नर जेराल्ड आन्जिअर यानें बेटाच्या राखणीस भंडाऱ्यांचें दल उभारलें. माहीम, शिवडी व शीव येथें त्याचीं ठाणीं होतीं. पुढें १८६४ सालीं फ्रँक साउटर हे पहिले पोलिस कमिशनर झाले, आणि १९४७ मध्यें जे. एस. भरुचा यांची नेमणूक होईपर्यंत, म्हणजे ८३ वर्षें, त्या जागेवर एकही हिंदी मनुष्य बसला नाहीं.

नवल असें कीं, वंश वा धर्म पाहून कोणास सरकारी चाकरींतून वगळणार नाहीं, असें वचन राणीच्या जाहीरनाम्यानें १८५८ मध्येंच दिलें होतें. तरीही १८९३ पासून पोलिसांतील वरच्या जागांसाठीं लंडनला जी परीक्षा सुरू झाली, ती युरोपीय वंशाच्या उमेदवारांपुरतीच. १९०२-०३ च्या फ्रेझर कमिशननें आपल्या लोकांसाठीं डेप्युटी सुपरिंटेंडेंट ही निराळी, खालची पायरी सुचविली. रात्रीची गस्त आमची, हुकूम मात्र परक्याचा!

परंतु सारा दोष साहेबाच्या माथीं मारून आपली सुटका होत नाहीं. ज्यास शिपायाची जागाही दुर्लभ, असा वर्ग आपल्याच समाजांत होता. लष्कर व पोलिस यांत अस्पृश्यांस प्रवेश हवा, ही मागणी डॉ. आंबेडकरांस १९२८ मध्यें सायमन कमिशनपुढें मांडावी लागली. नगरकारभाराची कथाही तीच. भंडारी समाजाचे पुढारी सीताराम केशव बोले यांनीं १९२३ मध्यें मुंबई कायदे कौन्सिलांत सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेनेंही १९२४ मध्यें तळें खुलें केल्याचें जाहीर केलें. पण २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं तेथील पाणी ओंजळींत घेतलें, तेव्हां त्यांच्या अनुयायांस मार खावा लागला.

राणीचें वचन काय, नगरपालिकेचा ठराव काय, दोन्ही कागदावर निर्दोषच होते. दार उघडें असल्याचें लिहिणें निराळें आणि आंत येणाऱ्यास जागा करून देणें निराळें. १९५० च्या राज्यघटनेनें सरकारी नोकरींत समान संधीचा हक्क दिला. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें नगरपालिकांत अनुसूचित जातिजमाति व स्त्रिया यांच्यासाठीं जागा राखल्या. त्यांची खरी परीक्षा कलमांच्या संख्येनें होणार नाहीं. चौकीच्या वा कचेरीच्या पायरीवर उभ्या असलेल्या सामान्य माणसास, आंत आपल्यापैकीं कोणी आहे, असें वाटतें कीं नाहीं, यावरच ती होईल.