पंख्याची एक गिरकी

मे २००५ मध्ये अण्णांच्या डीटीपीच्या दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला आणि तो मी बंद पाडला, असं आमच्या घरात ठरलं.

मी नुकतीच सातवीची परीक्षा दिली होती. दुपारी अण्णा जेवायला घरी गेले की दुकान माझ्या ताब्यात. मित्राकडून आणलेली गाड्यांच्या शर्यतीची सीडी मी गुपचूप घालायचो. त्या दुपारी गेम रंगात असताना स्क्रीन काळी झाली. बटण दाबलं. आत पंख्याने एक गिरकी घेतली आणि तो थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा एक गिरकी. सीडी आतच अडकलेली, म्हणजे पुरावा जागच्या जागी. संध्याकाळी मेकॅनिक आला. त्याने रॅम काढून खोडरबरने पुसली, दुसरा एसएमपीएस लावून बघितला आणि निकाल दिला : "बोर्ड गेला. पोरानं गेम खेळून तापवला असणार."

लग्नसराई ऐन भरात होती. पत्रिकांची कामं दुसरीकडे गेली. कॉम्प्युटर पतसंस्थेच्या कर्जावर घेतलेला, हप्ते चालूच राहिले. हार्ड डिस्क शाबूत होती, ती काढून घेतली. पण नवा डबा घेण्याइतके पैसे जमेपर्यंत चार महिने अण्णा तालुक्याच्या गावी दुसऱ्याच्या छापखान्यात रात्रपाळी करत होते. त्यांनी मला मारलं नाही, एक शब्दही बोलले नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला नंतर कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना तो 'सीपीयू' पुन्हा हाताला लागला. (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू आतली आगपेटीएवढी चकती असते, पण भाषेला कोण समजावणार?) आई म्हणाली, भंगारवाल्याला देऊन टाक. मी तो पुण्याला घेऊन आलो. मी इंजिनियर नाही, इतिहास शिकवतो. पण ज्या खटल्यात आपण आरोपी आहोत त्याची कागदपत्रं बघायला मिळाली तर कोण सोडेल?

सुरुवात बटणापासून केली. 'बटण दाबलं तरी चालू होत नाही' ही तक्रार तशी नवी आहे. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्याच्या उजव्या अंगाला, मागच्या बाजूला, लाल रंगाचा भलामोठा खटका होता. तो वर केला की वीज आत, खाली केला की वीज बंद, अगदी घरातल्या दिव्याच्या बटणासारखा. पुढे खटका डब्याच्या तोंडावर आला तरी काम तेच राहिलं. विंडोज ९५ वापरलेल्यांना ती काळी स्क्रीन आठवत असेल : आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही, असं नारिंगी अक्षरांत लिहून यायचं आणि मग आपण उठून खटका दाबायचा.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचा आराखडा आणला आणि हे नातंच बदललं. एटीएक्सच्या बटणातून घरची वीज वाहत नाही. ते बटण फक्त मदरबोर्डला निरोप देतं. प्लग लावलेला असेपर्यंत एसएमपीएस एका जांभळ्या वायरीतून ५ व्होल्टचा बारीकसा प्रवाह सोडत असतो, त्यावर बोर्डाचा एक कोपरा कायम जागा असतो. बटणाचा निरोप आला की तो कोपरा हिरव्या वायरीतून एसएमपीएसला सांगतो, 'उठ'. एसएमपीएस उठतो, आपले सगळे व्होल्टेज नीट आहेत का ते पाहतो आणि राखाडी वायरीतून कळवतो, 'ठीक आहे'. मगच पुढचं सगळं. तुमच्या हातातल्या फोनचं बटणही याच जातीचं. तुम्ही विनंती करता, यंत्र विचार करून हो किंवा नाही म्हणतं.

म्हणजे ती एक गिरकी हे उत्तर होतं. एसएमपीएस उठला होता, पण पुढे कुठेतरी काहीतरी बिघडलंय असं दिसताच त्याने स्वतःला आवरून घेतलं होतं.

मग मी एकेकाची साक्ष घेतली. एसएमपीएस बोर्डापासून सोडवला, त्याच्या मोठ्या प्लगमधली हिरवी वायर एका वाकवलेल्या पेपरक्लिपने शेजारच्या काळ्या वायरीला जोडली. पंखा फिरू लागला आणि फिरतच राहिला. एवढ्यावरून तो निर्दोष ठरत नाही, भार पडल्यावरही तो टिकायला हवा, पण निदान तो जिवंत होता. (त्याचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा दाब साठून राहतो.) बटणावर संशय होता, म्हणून त्याची वायर काढून बोर्डावरच्या त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवल्या. तीच एक गिरकी. बटण सुटलं. रॅम, सीडी ड्राइव्ह, सगळं काढून फक्त बोर्ड आणि प्रोसेसर ठेवला. पुन्हा एक गिरकी.

बोर्ड खिडकीशी नेला, ब्रशने वीस वर्षांची धूळ झाडली आणि ते दिसलं. प्रोसेसरच्या शेजारी ओळीने उभे असलेले छोटे डबे, आपले मेकॅनिक ज्यांना 'कंडेन्सर' म्हणतात ते कॅपॅसिटर. त्यांचा माथा सपाट असायला हवा. यातले पाच पुरीसारखे टम्म फुगले होते. दोघांच्या माथ्यावरची फुली फाटून तपकिरी राळ बाहेर येऊन वाळली होती.

यांचं काम गच्चीवरच्या टाकीसारखं असतं. नगरपालिकेचं पाणी कसंही येवो, टाकीमुळे नळाची धार एकसारखी राहते. एसएमपीएसकडून आलेले १२ किंवा ५ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला दीडेक व्होल्टवर आणावे लागतात, आणि त्या उतरणीवरचे हेलकावे हे डबे पोटात घेतात. पोटात ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची गुंडाळी असते, मधे रसायनात भिजवलेला कागद. नव्वदच्या दशकात या रसायनात पाण्याचं प्रमाण वाढवलं गेलं, कारण पाणी स्वस्त आणि त्यातून वीज सहज वाहते. अडचण एकच, पाणी ॲल्युमिनियमला खातं. ते खाऊ नये म्हणून रसायनात आणखी काही द्रव्यं घालावी लागतात. ती नसली की आत हायड्रोजन वायू तयार होतो आणि डबा फुगत जातो. माथ्यावरची फुली मुद्दामच कोरलेली असते, स्फोट होण्याऐवजी तिथून फाटावं म्हणून.

२००२ च्या सुमारास जगभरचे मदरबोर्ड असे फुगू लागले. या साथीला नावच पडलं, 'कॅपॅसिटर प्लेग'. फेब्रुवारी २००३ मध्ये 'आयईईई स्पेक्ट्रम' या अभियंत्यांच्या मासिकाने त्यावर लिहिलं. तेव्हा उद्योगात फिरत असलेली हकिगत एखाद्या हेरकथेसारखी होती : जपानी कंपनीत काम केलेला एक शास्त्रज्ञ चीनमधल्या कंपनीत गेला, तिथे त्याने जपानी रसायनाची नक्कल केली, मग त्याच्या हाताखालच्यांनी ते सूत्र पळवून तैवानी उत्पादकांपर्यंत पोचवलं. पण पळवलेलं सूत्र अर्धवट होतं. अभियंत्यांनी निकामी कॅपॅसिटर तपासले तेव्हा रसायनात आवश्यक द्रव्यं कमी किंवा गायब आढळली, हे खरं. तरी मला ही हकिगत पूर्ण पटत नाही. नामांकित जपानी कंपनीचे कॅपॅसिटरही त्याच वर्षांत डेलच्या कॉम्प्युटरमध्ये फुगले, आणि ते काही चोरीच्या सूत्राने बनलेले नव्हते. चोराची गोष्ट सांगायला सोपी असते. स्वस्तात, घाईने, लाखांच्या संख्येने माल काढण्याची गोष्ट सांगायला कंटाळवाणी, आणि तिच्यात बोट दाखवायला एक माणूस सापडत नाही.

डेलचं प्रकरण मी रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो. मे २००३ ते जुलै २००५ या काळात त्यांनी विकलेल्या किमान १ कोटी १८ लाख कॉम्प्युटरांना हा धोका होता. दुरुस्तीपोटी २००५ मध्ये कंपनीने ३० कोटी डॉलर बाजूला काढले. ॲपलच्या आयमॅक जी५लाही हा रोग झाला, त्यांनी मोफत दुरुस्तीची मुदत वाढवली. डेलवर खटला गुदरला गेला आणि २०१० मध्ये त्यातली कागदपत्रं उघड झाली, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापलेला एक प्रसंग वाचून मी खुर्चीतून उठलोच. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातले कॉम्प्युटर बंद पडू लागले. विभागाने तक्रार केली. कंपनीने यंत्रं तपासली आणि कारण सांगितलं : तुम्ही त्यांच्यावर फार अवघड गणितं सोडवलीत, यंत्रांना ताण झाला.

गणिताच्या प्राध्यापकांनाच गणितं केल्याबद्दल दोष दिला गेला, तर तेरा वर्षांच्या पोराची काय कथा!

अर्थात स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश होताना जपायला हवं. उष्णतेने कॅपॅसिटरचं आयुष्य घटतं, तापमान १० अंशांनी वाढलं तर साधारण निम्मं होतं. पत्र्याच्या छपराखाली, मे महिन्याच्या दुपारी मी प्रोसेसरला घाम काढत होतो. माझ्यामुळे त्याचं मरण काही आठवडे अलीकडे आलं असेल. पण जून उजाडला असता तर ते पत्रिका टाइप करताना अण्णांच्या हातूनही घडलं असतं. मेकॅनिकलाही दोष देववत नाही. तालुक्याच्या गावात त्याच्यापर्यंत 'स्पेक्ट्रम' कुठून येणार?

बुधवार पेठेत तापकीर गल्लीला जाऊन कॅपॅसिटर आणले. तेवढेच मायक्रोफॅरड, तेवढेच व्होल्ट, १०५ अंशांचे. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधल्या सहकाऱ्याने सोल्डरिंग करून दिलं. पट्ट्याची बाजू उलटी लागली तर नवे डबेही फुटतील, म्हणून त्याने दोनदा तपासलं. स्क्रूड्रायव्हर टेकवला. पंखा फिरला. फिरत राहिला. एक बीप आली आणि जुन्या मॉनिटरवर ओळ उमटली, सीमॉस चेकसम एरर. बोर्डावरची बटणासारखी बॅटरी कधीच संपली होती, त्यामुळे घड्याळ मूळ तारखेला गेलं होतं : १ जानेवारी २००३.

पुढच्या शनिवारी काढलेले पाच कंडेन्सर खिशात घालून गावी गेलो. अण्णा ओसरीवर पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं, तैवान, टेक्सास, पाणी, ॲल्युमिनियम. त्यांनी एक कंडेन्सर चिमटीत धरून उजेडात फिरवून बघितला.

"केवढ्याला येतो हा?"

"आठ-दहा रुपयांना."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तो माझ्या हातात परत न देता चष्म्याच्या डबीत ठेवला.

"गेम कुठला होता रे तो?" त्यांनी विचारलं.