वाढवणे आणि राखणे : एका निवांत खेळाचा इतिहास



आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. इतिहासाच्या व्याख्यानात मोबाइलवरच्या खेळाचं काय काम? पण माणसं फावल्या वेळात काय खेळतात, यावरून ती कामाच्या वेळात काय मोलाचं मानतात हे कळतं, असं आमचं मत आहे. म्हणून आज आपण एक प्रश्न घेणार आहोत. शिरूर-दौंडच्या माळावरची छोटीशी जीवसृष्टी सांभाळण्याचा एखादा निवांत खेळ कुणी करायला घेतला, तर त्या खेळात मोजायचं काय?

आधी ‘आयडल गेम’ म्हणजे काय ते बघू. हा असा खेळ, की जो तुम्ही खेळत नसतानाही चालू राहतो. तुम्ही काहीतरी मांडून ठेवता आणि फोन बंद करता. सकाळी उघडून बघता तो आकडा वाढलेला असतो. हे खेळ गेल्या वीसेक वर्षांतले असले, तरी त्यांची मुळं जुनी आहेत.

1970 च्या ऑक्टोबरात मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात जॉन कॉन्वे या गणितज्ञाचा ‘गेम ऑफ लाइफ’ लोकांपुढे आणला. चौकटींचा कागद, काही जिवंत घरं, काही मेलेली. जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असले तर ते टिकतं, कमी-जास्त झाले तर मरतं. मेलेल्या घराला बरोबर तीन जिवंत शेजारी मिळाले तर ते जगतं. बस्स, एवढेच नियम. पहिली मांडणी करायची आणि मग फक्त बघत बसायचं. खेळाडूला पुढे काही कामच नाही!

1990 मध्ये ‘सिमअर्थ’ आला. त्यात अख्खी पृथ्वी सांभाळायची होती आणि त्यामागे जेम्स लव्हलॉक यांचा ‘गाया’ सिद्धान्त होता. 1996 मध्ये जपानमधून ‘तामागोची’ आलं, अंड्याएवढं यंत्र आणि त्यात एक जीव. त्याला वेळेवर खाऊ घातलं नाही तर तो मरायचा. म्हणजे कॉन्वेच्या खेळात माणसाची गरजच नव्हती, आणि तामागोचीत माणसाला उसंतच नव्हती.

मग 2010 मध्ये इयन बोगोस्ट यांनी एक गंमत केली. फेसबुकवरच्या शेतीच्या खेळांची टिंगल करण्यासाठी त्यांनी ‘काऊ क्लिकर’ बनवला. एक गाय. तिच्यावर दर सहा तासांनी एकदा बोट टेकवायचं, की आकडा एकाने वाढतो. दुसरं काहीही नाही. थट्टा म्हणून केलेला हा खेळ हजारो लोक मनापासून खेळू लागले. 2011 मध्ये बोगोस्ट यांनी सगळ्या गायी नाहीशा केल्या, तरी काही जण गाय जिथे होती त्या मोकळ्या जागेवर बोट टेकवत राहिले. 2013 मध्ये जूलियँ तिएनो या फ्रेंच तरुणाचा ‘कुकी क्लिकर’ आला आणि या प्रकाराला घाट मिळाला. बिस्किटं वाढतात, वाढण्याचा वेग वाढतो, त्या वेगाचाही वेग वाढतो. शेवट असा नाहीच.

या इतिहासात एक वेगळं उदाहरण आहे. 2014 मधला जपानी खेळ ‘नेको आत्सुमे’. अंगणात थोडं खाणं, एखादं खेळणं ठेवायचं आणि निघून जायचं. मांजरं त्यांच्या मनाने येतात, मनाने जातात. तुम्ही त्यांना बोलावू शकत नाही की बांधून ठेवू शकत नाही. आता शिरूर तालुक्यातल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. आपली मोराची चिंचोली म्हणजे दुसरं काय आहे? चिंचेची झाडं राखलेली, शिवारात चार दाणे पडू दिलेले, आणि मोर त्यांच्या वेळेला येतात. मोर बघायला पुण्याहून आलेल्या पाहुण्यालाही वाट बघावी लागते. त्याने तिकीट काढलं म्हणून मोर लवकर येत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. प्रत्येक खेळाला एक वही असते. वहीत जे लिहिलं जातं तेच खेळाडू वाढवत बसतो, आणि जे लिहिलं जात नाही ते त्याच्या दृष्टीने नसतंच. आपल्या भागाच्या जमिनीचीही अशी एक वही आहे आणि तिचा इतिहास मोठा बोधक आहे.

दौंडचा मुलूख जुन्या भीमथडीत येतो. भीमथडीची तट्टं प्रसिद्ध होती. ही तट्टं कशावर पोसली गेली? भीमा, मुळा-मुठा, घोड या नद्यांच्या आसपासच्या गवतावर. मराठेशाहीच्या कागदांत ‘कुरण’ हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. कुरण म्हणजे नुसतं गवत नव्हे, राखलेलं गवत. पावसाळ्यात तिथे गुरं घालायची नाहीत. गवत पोसू द्यायचं, बी पडू द्यायचं, आणि मग कापायचं. घोडदळावर चालणाऱ्या राज्याला गवताची किंमत वेगळी सांगावी लागत नव्हती.

पुढे इंग्रजी अंमल आला. प्रिंगल यांची पहिली मोजणी फसली. धारा जड झाला, रयत गाव सोडून गेली. मग 1836 च्या सुमारास शेजारच्या इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत घातली आणि तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. मातीची खोली आणि रंग बघून नऊ प्रती पाडल्या. पहिल्या प्रतीची किंमत सोळा आणे धरली, तर शेवटच्या प्रतीची दोन आणे. जिथे नांगर चालतच नाही तो तुकडा आकारणीतून वगळायचा. तोच सातबाऱ्यावरचा ‘पोटखराबा’.

इथे आपण न्यायाने बोललं पाहिजे. पोटखराबा वगळणं ही रयतेला दिलेली सवलत होती, त्या तुकड्यावर तिला धारा पडत नव्हता. पण वहीचा एक गुण असतो बघा. ज्याला शून्य लिहिलं, ते हळूहळू शून्यच वाटू लागतं. कालचं कुरण आणि माळ वहीत खराबा झाले, मग पडीक झाले. 2000 साली देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला, त्यात झुडपी माळ आणि चराऊ रानं यांनाही जागा मिळाली. पडीक म्हटल्यावर पुढचा विचार ठरलेलाच. इथे काहीतरी करा. झाडं लावा, कारखाना काढा, पाणी आणा.

पण या माळावर काही नव्हतं का? वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. या पावसावर जंगल उभं राहत नाही, गवत मात्र उत्तम येतं. पवना, मारवेल, डोंगरी. चराई फार झाली की ही चांगली गवतं मागे हटतात आणि कुसळी पुढे येते. मेंढ्यांच्या लोकरीत कुसळं भरू लागली की मेंढपाळाला कळतं, माळ थकला. गवतावर चिंकारा, ससा, टोळ. त्यांच्यावर लांडगा, खोकड, शिकारी पक्षी. शेणकिडे आणि वाळवी सगळ्यांचं उरलंसुरलं मातीत नेणारे. आणि माणूसही याच साखळीत. दिवाळीनंतर कोकणाकडे निघणारे, वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवून खत देणारे आणि पावसाच्या तोंडाशी परतणारे धनगर. दौंडला लागून, बारामती तालुक्यात, सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. पण 1997 मध्ये ते राखीव झालं आणि आज तिथे चिंकारा डोळ्यांनी बघता येतो.

वहीत एकच आकडा ठेवला की काय होतं, याची शिकवण भीमेपलीकडे मिळते. श्रीगोंदे-कर्जतपासून सोलापूरच्या नान्नजपर्यंत 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं. हेतू चांगला होता. पण मोकळ्या गवतावर राहणाऱ्या या पक्ष्याच्या मुलखात गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली. झाडं मोजता येतात ना! काळवीट वाढले, माळढोक मात्र घटत गेला आणि आज तो महाराष्ट्रात जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

1971 मध्ये मायकेल रोझेनझ्वाइग यांनी ‘सायन्स’मध्ये एक चमत्कारिक निष्कर्ष मांडला. भक्ष्य आणि भक्षक यांच्या गणितात भक्ष्याचं अन्न वाढवत नेलं तर सगळं सुखाने वाढेल, असं आपल्याला वाटतं. पण गणित उलट सांगतं. एका मर्यादेनंतर चढउतार मोठे होत जातात आणि दोघेही नाहीसे होण्याचा धोका वाढतो. याला समृद्धीचा विरोधाभास म्हणतात. निसर्गात सगळीकडे हे जसंच्या तसं घडतं असं नाही, पण ‘कुकी क्लिकर’च्या धर्तीवर जीवसृष्टीचा खेळ करणाऱ्याने हे भिंतीवर लिहून ठेवावं.

आपल्याकडे याची सख्खी बहीण नसली तरी चुलत बहीण आहे. घोड, चासकमान, डिंभे यांचं पाणी शिरूर भागात आलं. ऊस वाढला. आपल्या वहीत टन वाढले, आणि त्यातून घरं उभी राहिली, मुलं शिकली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वर्षभर उभा राहणारा, दाट, पाणथळ ऊस हे बिबट्याला आयतं घर झालं. वहीत त्याच्यासाठी रकानाच नव्हता. तो आला तेव्हा गुरं गेली, माणसं गेली, लहान मुलंही दगावली. ज्यांच्या घरात हे घडलं त्यांना निसर्गाचा समतोल शिकवायला आम्ही जाणार नाही. पण रकाना नसला म्हणून हिशेब चुकत नाही, एवढं मात्र यातून घ्यायचं.

तर मग माळाचा खेळ कसा असावा? आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, आम्हाला आज्ञावली लिहिता येत नाही. पण मराठीने एक क्रियापद आपल्याला दिलं आहे, ‘राखणे’. कुरण राखतात, गुरं राखतात, बी राखून ठेवतात. राखण करणारा काही वाढवत नसतो, पण तो रिकामाही नसतो. बाभळीखाली बसलेला गुराखी बघा. हातात काम नाही, लक्ष मात्र सगळीकडे. कर्मात अकर्म पाहावं असं गीता सांगते, त्याचं याहून सोपं उदाहरण आम्हाला सुचत नाही. ग्रीकांचा फावल्या वेळासाठीचा शब्द ‘स्खोले’, त्यातूनच ‘स्कूल’ आला. त्यातही मोकळं मन आणि जागं लक्ष, दोन्ही एकत्र होते.

म्हणून या खेळात पाऊस खेळाडूच्या हाती नसावा, त्याची वाटच बघावी लागावी. कुरण बंद ठेवणं ही सर्वांत मोठी चाल असावी. दिवसातून वीसदा फोन उघडणाऱ्याला काहीही जास्त मिळू नये. झाडं लावायची सोय असावी, आणि फार लावली तर चंडोल आणि धाविक निघून जावेत. मेंढ्या आणल्या नाहीत तरी माळ बिघडावा आणि फार आणल्या तरी बिघडावा. आणि वहीत चिंकारे किती झाले हे नव्हे, तर किती जातींची गवतं टिकली आणि किती पावसाळे माळ तग धरून राहिला, हे लिहिलं जावं.

कुणी विचारेल, यात दुष्काळही येणार, जीव मरणार, मग तो निवांत कसा? 1972 चा दुष्काळ आठवणारे इथे असतील. त्या वर्षी माळ जळाला होता, पण पुढच्या पावसात गवताची मुळं पुन्हा फुटली. तामागोचीत जीव मेला की आपल्याला अपराधी वाटतं. बिस्किटांच्या खेळात काही मरतच नाही, म्हणून काही जगतही नाही. राखण्यातला निवांतपणा तिसरा आहे. आपण नसताना हे चालेल, याचा भरवसा म्हणजे तो निवांतपणा.

आज शिरूर-दौंडमधल्या पुष्कळ मुलांनी माळ बघितलेला आहे, पण तो ‘मोकळी जागा’ म्हणून. रांजणगाव आणि कुरकुंभच्या वसाहतींकडे जाताना दोन्ही बाजूंना दिसणारी, अजून काही न झालेली जागा. ही मुलं उद्या ग्रामसभेत बसतील आणि गायरानाचं काय करायचं ते ठरवतील. त्यांच्या हातात फोन तर आहेच. त्यात एखादा खेळ असा असला, की जो त्या जागेला रिकामी म्हणत नाही, तर सातबाऱ्यावरचा ‘पोटखराबा’ वाचताना ती क्षणभर थांबतील. आम्हाला तेवढं पुरेसं वाटतं.