डोळ्यातलं फूल आणि बी६०.१३

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज रविवार सापडला.

मागच्या कार्तिकीला साजगावला गेलो होतो. खोपोली लोकल, मग रिक्षा, बोंबल्या विठोबाचं दर्शन, यात्रेतल्या सुक्या मासळीच्या बाजारात एक चक्कर आणि आत्याकडे जेवण, हा आमचा दर वर्षीचा ठरलेला कार्यक्रम. आत्याच्या उजव्या डोळ्यात फूल आहे. मी शाळेत असताना भातलावणीच्या दिवसांत तिच्या डोळ्यात चिखल उडाला. तिने शेतातल्याच पाण्याने डोळा धुतला. दोन महिने थेंब घातले, दुखणं काही हटलं नाही आणि शेवटी त्या डोळ्याची नजर गेली. यंदा जेवणानंतर सहज जुने कागद मागितले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून केसपेपर निघाला. निदानाच्या जागी दोनच शब्द: डोळा लाल.

हे एवढं का खटकलं? तर मंडळी, ऐरोलीला माझा प्रोजेक्ट अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या मेडिकल कोडिंगचा आहे. तिकडचा डॉक्टर नोट लिहितो, इकडचा कोडर ती वाचून आजाराला कोड लावतो, त्यावर विमा कंपनी पैसे देते. आम्ही त्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. त्या यादीत बी६०.१३ असा एक कोड आहे. अकँथामीबा नावाचा सूक्ष्म परजीवी माती-पाण्यात मोकळा राहतो, तो बुबुळात शिरला की हा कोड. आत्याला हेच झालं होतं असा माझा दावा नाही. ते ठरवायला बुबुळ खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं, आणि ते कुणी केलंच नाही. पण त्या कोडच्या मागे लागलो आणि एक इतिहासच हाती आला.

जगभर चालणाऱ्या या यादीचं, म्हणजे आयसीडीचं, मूळ १८९३ सालचं. झाक बर्तियाँ हा पॅरिस शहराच्या सांख्यिकी खात्याचा प्रमुख. (गुन्हेगारांच्या शरीराची मापं घेऊन त्यांना ओळखण्याची पद्धत काढणारा आल्फोन्स बर्तियाँ तो याचाच भाऊ. एक भाऊ चोर मोजतोय, दुसरा मरणं!) शिकागोच्या बैठकीत त्याने जी यादी मांडली ती मृत्यूच्या कारणांची होती. इथेच डोळ्याची गोची झाली. डोळ्याच्या दुखण्याने सहसा कुणी मरत नाही, त्यामुळे माणूस आंधळा झाला तरी या हिशेबात तो कुठेच येत नाही. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत, जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती काम आल्यावर, जीव न घेणारे आजारही याच यादीत रीतसर आले.

पुढचा घोळ परजीवींचा. डुकराच्या फीतकृमीची अळी डोळ्यात वाढली तर तो आजार कृमींच्या प्रकरणात टाकायचा की डोळ्यांच्या? आपल्या भाषेत सांगायचं तर एक रेकॉर्ड आणि दोन टेबलं. १९७५ मध्ये मंजूर झालेल्या नवव्या आवृत्तीने यावर झकास तोडगा काढला. मूळ कारणाच्या कोडला खंजिराची खूण, अवयवाच्या कोडला चांदणी, आणि दोन्ही जोडीने लिहायचे. दहाव्या आवृत्तीत या अळीला बी६९.१ आणि सोबत डोळ्याचा एच४५.१. अकँथामीबाला बी६०.१ आणि सोबत बुबुळाचा एच१९.२.

आता अकँथामीबाची गोष्ट. डोळ्यातल्या याच्या सगळ्यात जुन्या ओळखलेल्या रुग्णांपैकी एक होता दक्षिण टेक्सासमधला एक पशुपालक. साल १९७३, डोळ्याला इजा झाल्याचं निमित्त. १९७४-७५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत हा आजार छापून आला. म्हणजे सुरुवातीलाच शेतीवाडीतला माणूस आहे! पण आजार गाजला तो १९८० च्या दशकात, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांमुळे. घरच्या घरी मिठाच्या गोळ्या विरघळवून केलेल्या पाण्यात लोक लेन्स ठेवत. २००७ मध्ये अमेरिकेत अशाच रुग्णांमुळे लेन्सचं एक तयार द्रावण बाजारातून परत घ्यावं लागलं. तोवर अमेरिकन यादीत मोकळ्या राहणाऱ्या सगळ्या अमीबांना मिळून १३६.२ हा एकच कोड होता. ऑक्टोबर २००८ पासून अकँथामीबाला स्वतःचा १३६.२१ मिळाला. १ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिका दहाव्या आवृत्तीवर आली, तेव्हा परजीवी आणि डोळा दोन्ही एकाच कोडमध्ये सामावणारा बी६०.१३ आला.

भारतातलं चित्र मात्र वेगळं आहे. इथल्या नेत्ररुग्णालयांनी नोंदवलेल्या रुग्णांत लेन्सवाले थोडे, चिखल-मातीने किंवा गढूळ पाण्याने डोळा दुखावलेले जास्त. हे आपल्याला कळतं कारण त्या डॉक्टरांनी बुबुळ खरवडलं, काचपट्टी बघितली आणि लिहून ठेवलं. कोड ही शेवटची पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे कागदावरचं एक नीट वाक्य.

डेटाबेसवाल्यांना शून्य आणि नल यातला फरक सांगायला नको. शून्य म्हणजे मोजलं आणि निघालं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. गंमत (की दुःख?) अशी की वरून रिपोर्ट काढला की दोन्ही सारखेच दिसतात. १ जानेवारी २०२२ पासून अकरावी आवृत्ती लागू झाली आहे, तीत कोडांच्या जोड्या लावायची आणखी चांगली सोय आहे. पण 'डोळा लाल' या दोन शब्दांना कुठलीही आवृत्ती काय कोड देणार? टेक्सासमधल्या त्या माणसाचा डोळा इतिहासात गेला. आत्याचा प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिला.

असो. दोन कामाच्या गोष्टी सांगून थांबतो. पावसाळ्यात कर्जतच्या धबधब्यांखाली लेन्स घालून भिजणाऱ्यांनो, आधी लेन्स काढा, आणि लेन्स नळाच्या पाण्याने कधीच धुवू नका. दुसरं, गावाकडे कुणाच्या डोळ्यात चिखल गेला तर स्वच्छ पाण्याने धुवा, मनाने स्टिरॉइडचे थेंब घालू नका, आणि दुखणं हटत नसेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन बुबुळाची तपासणी करायला सांगा. निघताना निदान कागदावर लिहून मागा.

आत्याला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता लिवून काय उपेग रे बाबा?" मी काहीच बोललो नाही. निघताना तेवढा त्या केसपेपरचा फोटो काढून घेतला.