दोन दाते कमी असलेलं चाक

चालती गाडी अचानक बंद पडते, अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते, आणि गॅरेजमध्ये नेली की शहाण्या पोरासारखी वागते. मग प्लग बदला, पेट्रोल पंप बदला, बॅटरी बदला. पैसे जातात, रोग तसाच. अशा वेळी चोर बऱ्याचदा अंगठ्याएवढा असतो: क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर. हा इंजिनात नेमका कुठे दडलेला असतो, हे त्याचा इतिहास पाहिला की आपोआप कळतं. म्हणून या रविवारी तोच इतिहास.

मूळ प्रश्न इंजिनाइतकाच जुना आहे. पिस्टन वर येतो तेव्हा ठिणगी पडली पाहिजे (डिझेल असेल तर फवारा उडाला पाहिजे). लवकर पडली तर इंजिन उलटा झटका देतं, उशिरा पडली तर ताकद वाया. म्हणजे क्रँकशाफ्ट या क्षणी कुठे आहे, हे कुणाला तरी माहीत हवं. कुणाला?

वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीर तालुक्यातलं आसेगाव घ्या. अशा गावांतल्या जुन्या शेतकऱ्यांना हे उत्तर मनगटाने माहीत होतं. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला हँडल मारायचं, चाकाने वेग घेतला की डीकॉम्प्रेशनचा खटका सोडायचा. कॉम्प्रेशन कधी आलं ते हाताला कळायचं. फवाऱ्याची वेळ मात्र आतल्या गिअरांनी सांभाळलेली. खुणेला खूण जुळवून ते एकदा बसवले की झालं.

पेट्रोल गाडीत हे काम डिस्ट्रिब्युटरकडे होतं. अँबॅसेडर असो की कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमिअर पद्मिनी, आत एक फिरता कॅम आणि उघडझाप करणारे पॉइंट. पॉइंट झिजायचे, टायमिंग हलायचं. मग मेकॅनिक पॉलिशपेपरने ते घासायचा, फिलर गेज घालून फट बघायचा आणि आवाज ऐकत डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवायचा. रस्त्याच्या कडेला होणारं काम!

बदल आधी बाहेर झाला. १९७९ मध्ये बॉशची मोट्रॉनिक प्रणाली बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये आली. ठिणगी आणि इंधन दोन्हींचा हिशोब एकच कॉम्प्युटर करू लागला. पण कॉम्प्युटरला ना मनगट ना कान. त्याला क्रँकची खबर देणारा कुणीतरी हवा, तो हा सेन्सर.

आपल्याकडे या बदलाला जोर आला तो धुरामुळे. २९ एप्रिल १९९९ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या नव्या गाड्यांसाठी युरो-२ ची तारीख बांधून दिली: १ एप्रिल २०००. गाड्यांच्या पाठीवर 'एमपीएफआय' अशी अक्षरं झळकू लागली ती याच सुमारास. २००५ मध्ये भारत स्टेज-२ देशभर लागू झालं आणि कार्ब्युरेटरवाल्या मोटारी मागे पडत गेल्या.

आता माझ्यासारख्या प्रोग्रामरला आवडणारा भाग. क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी चाक फिरतं. सर्रास वापरला जाणारा हिशोब असा: ६० दात्यांची जागा, पण दाते ५८. दोन मुद्दाम गाळलेले. प्रत्येक दाता म्हणजे ६ अंश. ३००० आरपीएमला एका दात्याला मिळतो सेकंदाचा तीन हजारावा भाग. सेन्सर समोरून जाणारे दाते मोजत राहतो. मोकळी जागा आली की कॉम्प्युटरला कळतं, फेरी इथून मोजायची. माहिती दात्यांत आहे, तशीच नसलेल्या दात्यांतही!

म्हणजे सेन्सर शोधायचा तर आधी ते चाक शोधा. जागा तीनच: पुढे क्रँकच्या पुलीमागे, मागे इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे फ्लायव्हीलच्या कडेला, किंवा ब्लॉकच्या बाजूला. एका बोल्टने बसवलेला आणि दोन-तीन वायरी असलेला तुकडा दिसेल. चाकापासून त्याचं अंतर जेमतेम मिलिमीटरभर. टोकाला लोखंडाचा कीस चिकटला किंवा उष्णतेने आतली तार तुटू लागली की खबर थांबते. गार झालं की तार पुन्हा टेकते, गाडी सुरू! हेच ते अर्ध्या तासाचं गूढ.

शहरात स्कॅनर लावतात, पी ०३३५ असा कोड येतो, काम संपतं. पण रात्री आसेगावजवळ पेशंट घेऊन वाशीमला निघालेली गाडी बंद पडली, तर स्कॅनर कुठून आणणार? तेव्हा एक करा. स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा बघा. बऱ्याच गाड्यांत त्या काट्यालाही खबर इथूनच मिळते. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावर मेल्यासारखा पडलाय, तर आधी या सेन्सरवर आणि त्याच्या वायरींवर संशय घ्या. इंजिन जरा गार होऊ द्या, कनेक्टर काढून पुसून घट्ट बसवा. बऱ्याचदा मुक्कामापर्यंत पोचण्याइतकी सोय होते. नवा सेन्सर मग सकाळी.

रस्त्यावरच्या मेकॅनिकची विद्या कॉम्प्युटरने पळवली, असं आपण म्हणतो. अर्धंच खरं. प्रश्न तोच राहिलाय: क्रँक कुठे आहे? आणि हँडल मारलेल्या माणसाला तो प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.