संदेशांना वाट दाखविणारी यंत्रे

पत्र लवकर पोहोचते ते केवळ आगगाडीच्या वेगामुळे, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु टपालाच्या डब्यात उभा राहून पत्ते वाचणारा आणि प्रत्येक पत्र योग्य थैलीत टाकणारा कर्मचारी मंद असेल, तर इंजिनाचा वेग व्यर्थ होय. इंटरनेटच्या जगड्व्याळ जाळ्यात पत्ते वाचण्याचे हे काम राउटर नावाचे यंत्र करते. घरातील वा कचेरीतील छोटा राउटर आता सर्वांच्या परिचयाचा आहे. तथापि इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांच्या हमरस्त्यांवर, जेथे काचतंतूंच्या अनेक केबली एकत्र येतात तेथे, जे बलाढ्य राउटर अहोरात्र राबत असतात, त्यांचा इतिहास फारसा कोणाच्या कानी पडत नाही.

संदेशाचे लहान लहान तुकडे करावे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालून त्याचे पाकीट करावे आणि ही पाकिटे मिळेल त्या वाटेने रवाना करावी, ही कल्पना 1960 नंतरच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन यांनी आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे मांडली. ती अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘अर्पानेट’ या जाळ्यात प्रत्यक्षात आली. 1969 च्या ऑगस्टअखेरीस लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एक यंत्र येऊन पोहोचले. हनीवेल कंपनीच्या लहान संगणकात फेरफार करून केंब्रिज येथील ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ या संस्थेने ते सिद्ध केले होते. आजच्या राउटरांचा हाच मूळ पुरुष. त्याला जोडलेल्या तारेतून सेकंदास 50 हजार बिट जात. 40 बाइटांचे, म्हणजे 320 बिटांचे, एक पाकीट त्या तारेवर चढावयास सुमारे साडेसहा सहस्रांश सेकंद लागत. तेवढ्या अवकाशात पत्ता वाचून वाट ठरविणे त्या संगणकास सहज साधत असे.

मात्र वाट ठरविण्याच्या कामात धोका आहे, हे लवकरच दिसून आले. जाळ्यातील प्रत्येक यंत्र आपल्या आसपासच्या वाटांची खबर इतरांस देते आणि त्या खबरीवरच इतरांचे निर्णय अवलंबून असतात. 27 ऑक्टोबर 1980 रोजी अर्पानेट काही तास बंद पडले. एका यंत्रातील दोषामुळे खबरींच्या अनुक्रमांकांतील बिट गळाले आणि एकाच खबरीच्या 44, 40 आणि 8 अशा क्रमांकांच्या तीन प्रती तयार झाल्या. 64 पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येणाऱ्या त्या गणनेत 44 हा 40 च्या नंतरचा, 40 हा 8 च्या नंतरचा आणि 8 हा पुन्हा 44 च्या नंतरचा ठरत होता. प्रत्येक यंत्र प्रत्येक प्रत नवी समजून पुढे धाडीत राहिले आणि या कामात गुंतल्यामुळे इतर वाहतुकीस त्यांना सवडच उरली नाही. पाकीट तारेवरून जाताना त्याची तपासणी होत असे. यंत्राच्या स्मृतीत ते पडून असताना होत नसे. दोष त्या फटीतून शिरला.

पुढे वाहतूक वाढली. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने 1988 मध्ये विद्यापीठांसाठी जे जाळे सुधारून घेतले, त्यातील तारा सेकंदास 15 लाख बिट वाहत, आणि एकेका नाक्यावर आयबीएमचे नऊ लहान संगणक जोडून एका राउटरचे काम भागविले जाई. 30 एप्रिल 1995 रोजी हे सरकारी जाळे बंद झाले आणि वाहतुकीचा भार खासगी कंपन्यांवर आला. त्याच वर्षी 15 ऑगस्टला भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. मागणी अशी भराभर वाढत असता जुन्या रचनेचा राउटर मात्र अपुरा पडू लागला. त्यात वाटांची माहिती गोळा करणे आणि पाकिटे पुढे ढकलणे ही दोन्ही कामे एकाच मध्यवर्ती संगणकावर पडत. एक वाढले की दुसरे खोळंबे.

यावर उपाय निघाला तो श्रमविभागणीचा. आयआयटी कानपूरचे पदवीधर प्रदीप सिंधू यांनी 1996 मध्ये कॅलिफोर्नियात जुनिपर नेटवर्क्स ही कंपनी स्थापन केली. 1998 मध्ये तिचा एम-40 हा राउटर बाजारात आला. त्यात वाटा ठरविण्याचे काम एका संगणकाकडे ठेवून, पाकिटे वाहण्याचे काम त्यासाठीच घडविलेल्या सिलिकॉन चिपांकडे सोपविले होते. संगणकाने सावकाश विचार करून मार्गसूची तयार करावी आणि चिपांनी ती डोळे मिटून पाळावी, अशी ही व्यवस्था होती. हा राउटर सेकंदास 4 कोटी पाकिटे पुढे धाडू शके. सिस्को कंपनीने 2004 मध्ये आणलेला सीआरएस-1 हा राउटर अनेक कपाटे जोडून वाढविता येई आणि पूर्ण विस्तारात त्याची क्षमता, दोन्ही दिशांची वाहतूक धरून, सेकंदास 92 लाख कोटी बिट होती. सेकंदास 1,000 कोटी बिट वाहणाऱ्या तारेवर 320 बिटांच्या पाकिटास केवळ 32 अब्जांश सेकंद लाभतात. 1969 च्या तुलनेत हा अवकाश दोन लाख पटींनी कमी झाला.

परंतु डोळे मिटून पाळावयाची आज्ञाच चुकीची असेल तर? 24 फेब्रुवारी 2008 रोजी हा प्रश्न जगापुढे उभा राहिला. यूट्यूब देशात दिसू नये म्हणून पाकिस्तानातील दूरसंचार कंपनीने घातलेली खोटी वाट देशाबाहेर फुटली. अधिक नेमका पत्ता सांगणारी वाट राउटर नेहमी आधी निवडतो. ही खोटी वाट तशी होती. त्यामुळे सुमारे दोन तास जगातील पुष्कळ वाहतूक भलतीकडेच गेली. 12 ऑगस्ट 2014 रोजी निराळीच अडचण आली. जगाची मार्गसूची 5 लाख 12 हजार नोंदींच्या पुढे गेली. अनेक जुन्या राउटरांच्या वेगवान स्मृतीत तेवढीच जागा राखलेली असल्याने ते अडखळले आणि ठिकठिकाणी सेवा खंडित झाली. आज ती सूची 9 लाखांच्या पुढे गेली आहे.

वाट सांगणाऱ्याची सही पडताळून पाहण्याची पद्धत 2011 पासून प्रचारात येऊ लागली. परंतु तिचा अवलंब करणे हे प्रत्येक कंपनीच्या इच्छेवर आहे. पाकिटे वाहण्याचा वेग धातू आणि काच यांच्या बळावर लाखो पटींनी वाढविता आला. वाटेविषयी मिळालेली खबर खरी की खोटी, हे पाहण्याचे काम मात्र माणसाच्या सावधपणावरच अवलंबून राहिले आहे. आणि ज्या महामार्गावरून आज पेढीचे व्यवहार, रुग्णालयांचे निरोप आणि परदेशी गेलेल्या मुलांची खुशाली जाते, तेथे या सावधपणाची किंमत प्रत्येक घराला मोजावी लागते.